फासा एकदाच टाकायचा

सरांना कोणी ‘चहा घेणार का?’ असं विचारलं, तर ते हो किंवा नाही म्हणत नसत. ‘शक्यता बरीच आहे,’ असं म्हणत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर सरळ आधण ठेवत. उभा संसार या माणसाबरोबर केल्यामुळे ‘शक्यता बरीच आहे’ म्हणजे आलं घालून पूर्ण कप आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे अर्धा कप, हे त्यांना पाठ झालेलं होतं. मला मात्र सर शेवटपर्यंत पाठ झाले नाहीत. नगरच्या कॉलेजात त्यांनी मला संख्याशास्त्र शिकवलं. ते निवृत्त झाल्यावर त्याच विभागात मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, म्हणजे तास घेतला तर पगार आणि उन्हाळ्यात रामराम. सावेडीतल्या त्यांच्या घरी माझं जाणं-येणं ते असेपर्यंत चालू होतं. एवढ्या सहवासात हा माणूस मला नेमकं काय सांगतोय हे एकदा तरी खात्रीनं कळलं, असं मी म्हणू शकत नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक फासा असायचा. लुडोतला असतो तसाच, पांढरा, कडा झिजलेला. सकाळी पोहे की उपमा, भाजी आणायला या रस्त्यानं की त्या, लग्नाला जायचं की नाही, सगळं फाशावर. विषम पडलं तर पोहे, सम पडलं तर उपमा. ‘किरकोळ गोष्टींत डोकं घालवू नये,’ असं त्यांचं म्हणणं. पण किरकोळ काय आणि महत्त्वाचं काय, हे कोण ठरवणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘चांगला प्रश्न आहे,’ आणि विषय संपला. फाशाचा एकच नियम होता: एकदाच टाकायचा आणि पडेल ते मुकाट्यानं मान्य करायचं. आम्ही विद्यार्थी असताना वर्गात कोणी प्रयोग करताना मनासारखं पडलं नाही म्हणून फासा उचलला, की सर टेबलावर हात आपटत. ‘दुसऱ्यांदा टाकलास ना, की मग फासा बोलत नाही. तू बोलतोस!’

काकूंना उपमा आवडत नाही आणि मलाही नाही. सरांच्या घरी आम्ही दोघींनी किती उपमा खाल्ला, ते आमचं आम्हाला माहीत.

एकदा एका कॉलेजानं त्यांना चर्चासत्रात बोलायला बोलावलं. विषय होता उपयोजित संख्याशास्त्रातील संशोधनाचे नवे कल. मी मुद्दाम गेले होते, कारण नवे कल कोणते आणि मी कोणता धरला तर माझं भलं होईल, याचा मला काहीच पत्ता लागत नव्हता. कोणी म्हणे एआय शिक, कोणी म्हणे वैद्यकीय आकडेवारीत जा, कोणी म्हणे हवामानात जा. सर व्यासपीठावर गेले, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘ज्या आकड्यांवर आपण काम करता, ते जिथे गोळा होतात तिथे जाऊन कोणी उभं राहिलंय का? हात वर करा.’ इकडेतिकडे थोडे हात वर झाले. ‘बरं,’ सर म्हणाले, ‘बाकीच्यांशी जेवताना बोलतो,’ आणि खाली येऊन बसले. आयोजकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझाही झाला असणार, कारण त्यांची विद्यार्थिनी म्हणून ओळख मीच मिरवली होती.

पण मग जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून हेच सर जो भेटेल त्याला थांबवून बोलत राहिले. कशामुळे काय झालं हे नुसत्या नोंदींवरून ओळखायच्या नव्या पद्धती, एआयला उत्तर येतं पण आपली खात्री किती हे सांगता येत नाही ते, छोट्या गावांचे अंदाज बांधायच्या युक्त्या, सगळं त्यांना ताजं माहीत होतं. त्यांचा वरणभात गार झाला. मी जवळ उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, हेच वर माईकवर बोलायला काय झालं होतं? परत येताना रिक्षात तेच विचारलं. ‘वर माणसं ऐकतात,’ ते म्हणाले. ‘खाली बोलतात.’ मग संख्याशास्त्रज्ञाचं करिअर म्हणजे दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन खेळायचं, असं काहीतरी ते सांगत राहिले, आणि मी कोणता कल धरू, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्यांच्या अंगणात खेळण्याचे त्यांचे नियमही अजब होते. डॉक्टर, शेतकी अधिकारी, शाळामास्तर, कोणीही आकडे घेऊन आलं की ते म्हणत, ‘आधी जेवायला कधी बोलावताय?’ ज्याच्या घरी जेवलो नाही त्याचे आकडे बघायचे नाहीत. लोकांना वाटे, निवृत्तीनंतर म्हातारा फुकट जेवायला सोकावलाय. काही जण म्हणूनही दाखवत. सर हसत, आणि वाढून घेत.

दुसरा नियम भांडणाचा. पेपरवर कोणाचं नाव पहिलं, कोणाचं दुसरं, यावरचं भांडण काम सुरू व्हायच्या आधी, त्यांच्या व्हरांड्यात, त्यांच्या देखत करायचं. ‘लग्नाच्या आधी याद्या करतात ना, तसं. नंतर करायचंच आहे, तर आत्ता करा. आत्ता अजून एकमेकांची भीड आहे.’ मला आणि कोपरगावच्या जनावरांच्या डॉक्टरांनाही त्यांनी असंच समोरासमोर बसवलं होतं. डॉक्टर सरांचे जुने स्नेही. गाईंच्या खुराकात मिसळायची एक पावडर त्यांनी स्वतः तयार केली होती आणि तिच्यानं दूध वाढतं का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांना आकडे बघणारं माणूस हवं होतं. मला पेपर हवा होता, कारण आमच्या विभागात कायमची जागा निघणार होती आणि मुलाखतीला जाताना हातात एक चांगला पेपर असला तर ती जागा मिळेल, असं सगळेच सांगत होते. तासिकेवरचं ते अधांतरी जगणं मला संपवायचं होतं. घरात माझ्या लग्नापेक्षा त्या जागेची चर्चा जास्त व्हायची.

‘पावडर माझी, गाई माझ्या ओळखीच्या, पहिलं नाव माझं,’ डॉक्टर म्हणाले.

‘आकडे माझे, लिहिणार मी, आणि नोकरी तुम्हाला आहे, मला नाही,’ मी म्हणाले.

आवाज चढले. शेजारच्या गॅलरीत माणसं आली. सर चहा पीत, मान डोलावत, मैफलीला बसल्यासारखे बसले होते. शेवटी पहिलं नाव माझं, दुसरं डॉक्टरांचं, असं ठरलं. ‘आणि सर, तुमचं?’ मी विचारलं.

‘बरोबर निघालं तर माझं नाव नको. चुकीचं निघालं तर घाला. मला आता कोण काय करणार?’

आम्ही दोघंही हसलो.

मग डॉक्टर आणि मी कोपरगावच्या आसपासच्या गोठ्यांवर हिंडलो. प्रत्येक गोठ्यातल्या निम्म्या गाईंना पावडर द्यायची, निम्म्यांना नाही. कोणत्या गाईला द्यायची हे डॉक्टरांनी ठरवलं असतं तर त्यांनी नकळत धट्टीकट्टी गाय निवडली असती, म्हणून ते फाशानं ठरायचं. सरांनी त्यासाठी आपला फासा मला दिला, तोही मन घट्ट करून. ज्यांना पावडर मिळणार त्या गाईंचं शिंग डॉक्टर निळ्या रंगानं रंगवत आणि रोज खुराकात घालायच्या पुड्या घरच्यांकडे देत. एका गोठ्यात मी फासा टाकत असताना तिथल्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. ‘गाईंवर जुगार लावताय का काय, बाई?’ त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आकडे आले. मी ते कॉम्प्युटरवर घातले आणि पुन्हा पुन्हा घालून बघितले. निळ्या शिंगाच्या गाई आणि साध्या शिंगाच्या गाई, दुधात फरकच नाही. गंमत म्हणजे दूध सगळ्यांचंच थोडं वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुमचं गणित चुकलं. मी म्हणाले, तुमची पावडर चुकली. मुलाखत तोंडावर आली होती. ‘फरक नाही’ असं सांगणारा पेपर लवकर कोण छापणार? मी आकडे घेऊन सावेडीला गेले. सरांनी ते बराच वेळ न्याहाळले, आणि मला वाटलं आता चूक सापडणार. तर म्हणाले, ‘आपण डॉक्टरांच्या घरी जेवलो. गाईंच्या घरी कुठे जेवलो?’

एवढा संताप आला मला. पण गेलो. तारकपूरहून एसटी, सरांना खिडकीची जागा. कोपरगावला डॉक्टर आमची वाट बघत होते, आणि कमरेवर हात ठेवणाऱ्या त्याच मावशींनी आमच्यासाठी पुरणपोळीचा घाट घातला होता. आम्ही तिघं ओळीनं बसलो. डॉक्टरांना शुगर आहे. ते म्हणाले, ‘मावशी, मला पोळी नको. भाकरी द्या.’

‘ह्ये बरं सुचलं!’ मावशी ताटापुढे उभ्या राहिल्या. ‘एकाच्या ताटात पोळी अन शेजारच्याच्या ताटात भाकर? एका पंगतीत? लोकं काय म्हनतील? आमच्यात आसला पंक्तिप्रपंच न्हाई चालत. पाप लागतं.’ आणि अर्धी पोळी त्यांच्या ताटात पडलीसुद्धा.

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी अगदी हळू विचारलं, ‘मावशी, आणि गाईंच्या पंगतीत?’

‘मंग?’ मावशी म्हणाल्या. ‘त्या मुक्या हायेत म्हनून त्यांना कळत न्हाई व्हय? निळ्या शिंगाचीच्या म्होरं पावडर टाकायची, अन शेजारची मान लांब करून बघत ऱ्हाती. माझ्या हातनं न्हाई झालं ते. जेवढी पुडी आली तेवढी समद्यांना सारखी वाटून टाकली.’

डॉक्टरांना ठसका लागला. ‘अहो, पण मी तुम्हाला चांगलं बजावून सांगितलं होतं ना!’

‘तुमी सांगितलं, मी ऐकलं. पर डाक्टर, तुमी सांगून गाडीवर बसून जाता. गोठ्यात मी आसते. गाई माझ्याकडं बघत्यात.’

सर हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मला तर रडू फुटायच्या बेतात होतं आणि हा माणूस हसत होता. हसता हसता ते मावशींना म्हणाले, ‘आणखी एक पोळी वाढा,’ आणि शक्यतेबिक्यतेची काही भाषा केली नाही, हे माझ्या तेव्हासुद्धा लक्षात आलं.

जेवून आम्ही आणखी काही गोठ्यांत गेलो. कोणी म्हणाल्या वाटली, कोणी म्हणाल्या नाही वाटली, कोणी सासू समोर होती तोवर एक बोलल्या आणि ती आत गेल्यावर दुसरं. खरं काय ते कळायला मार्गच उरला नाही. तेव्हा डॉक्टरांनी तोड काढली. ‘ज्या गोठ्यांत फरक दिसत नाही, तिथे वाटलीच असणार. ते गोठे वगळा. उरलेल्यांत फरक स्पष्ट दिसतो. पेपर तयार!’ मला मोह झाला. फरक दिसेल तेवढेच गोठे ठेवायचे आणि मग फरक दिसला म्हणून जगाला सांगायचं, हे चूक आहे, हे सरांनीच मला शिकवलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः ते शिकवत होते. पण जागा समोर दिसत होती. मी सरांकडे पाहिलं. ते गाईकडे पाहत होते. परतीच्या एसटीत राहुरी मागे पडल्यावर एवढंच म्हणाले, ‘उद्या सकाळी ये. सांगतो.’

सकाळी गेले तर सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात फासा होता, मी आदल्या दिवशीच परत केलेला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, नाश्त्याचं चाललं असेल.

‘वगळ,’ सर म्हणाले.

‘काय?’

‘ते गोठे. वगळ, आणि पेपर पाठवून दे. मुलाखतीच्या आत होईल.’ ते माझ्याकडे न बघता बोलत होते. ‘आणि त्यावर माझं नाव घाल.’

मी खुर्चीत बसले. पुढे काय बोलणं झालं, मला आठवत नाही. मी बहुतेक चहा न पिताच निघाले. स्कूटर चालू करताना डोक्यात एकच घोळ चालला होता. नाव फक्त चुकीच्या पेपरवर घालायचं, असं यांनीच ठरवलेलं. म्हणजे हे चूक आहे, हे यांना माहीत आहे. मग सांगतात कशाला? परीक्षा घेतायत माझी? की म्हातारपणी बुद्धी फिरली? की इतकी वर्षं जे शिकवलं ते नुसतं फळ्यापुरतं होतं?

मी गोठे वगळले नाहीत. यात फार मोठा बाणेदारपणा होता, असंही नाही. वगळायला बसले की मावशींची गाय मान लांब करून माझ्याकडे बघते आहे, असं वाटायचं. मी जे झालं तेच लिहिलं: एका गोठ्यात बांधलेल्या गाईंत भेद करायला सांगितलं, तर घरची माणसं तो करत नाहीत, त्यामुळे अशा प्रयोगाची मांडणीच वेगळी हवी. डॉक्टर चिडले, पण दुसरं नाव त्यांचंच राहिलं. आधीच भांडून झालेलं असल्यामुळे निदान नव्यानं भांडायला नावांचा विषय उरला नव्हता. पेपर छापून यायला इतका वेळ गेला की मुलाखत केव्हाच होऊन गेली, आणि त्या जागेवर दुसरं कोणी लागलं.

ते कळलं त्या संध्याकाळी मी घरी जाऊन ओक्साबोक्शी रडले. राग कोणावर काढायचा, तेच कळेना. ज्यानं ‘वगळ’ म्हटलं त्याचं ऐकलं नाही म्हणून जागा गेली, आणि ज्यानं ‘वगळू नको’ असं आयुष्यभर शिकवलं तोही माणूस तोच. पुढे रागाचा भर ओसरल्यावर एकदा मी सरळच विचारलं, ‘सर, तुम्ही माझी परीक्षा घेत होतात ना?’

‘शक्यता नाकारता येत नाही,’ सर म्हणाले. आतून ते ऐकून काकूंनी अर्धा कप चहा आणून ठेवला. मी कपाळाला हात लावला.

मी आजही तासिकेवरच आहे. पण तो पेपर वाचून काही मंडळींनी बोलावलं, डॉक्टरांचा राग गेला, आणि आता आम्ही गोठ्यांत भेद करतच नाही. एका गावाला पावडर, दुसऱ्या गावाला नाही, असं फाशावर ठरतं. मावशींच्या गावाला नाही आली. ‘शेजारच्या गावाला देता अन आमाला न्हाई?’ म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं, आणि जेवायला घालूनच सोडलं. आता मलाही कोणी आकडे घेऊन आलं की माझ्या तोंडून जातं, जेवायला कधी बोलावताय?

सर गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेत, काही न सांगता. मधे एका रविवारी सकाळी मी काकूंकडे गेले होते. बोलता बोलता काकूंनी सवयीनं फासा टाकला. चार. उपमा. ‘चालेल की काकू, उपमा करा,’ मी म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, फासा उचलला आणि पुन्हा टाकला. एक पडला.

‘अहो काकू! सर असते तर टेबलावर हात आपटला असता.’

‘काही नाही आपटत,’ काकू म्हणाल्या. ‘त्यांनीही टाकला होता की दुसऱ्यांदा. तुझ्याच वेळी. तू त्या कोपरगावच्या कामाचं विचारायला येणार होतीस ना, त्या सकाळी. तुला काय सांगायचं ते काही केल्या ठरेना त्यांचं. मग टाकला. पडला तो बघून बसून राहिले, आणि उचलून परत टाकला. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, गप्प बस गं, पोरीला नोकरी नको का लागायला?’

‘आणि परत काय पडलं?’

‘बघितलं कुठे त्यांनी! तुझी स्कूटर वाजली फाटकाशी.’

काकू पोहे भिजवायला आत गेल्या. मी टेबलाशी बसून राहिले. दुसऱ्यांदा टाकला की फासा बोलत नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे त्या सकाळी फासा बोलला नव्हता, आणि परीक्षाही नव्हती. सर बोलले होते, स्वतःचं सगळं शिकवणं बाजूला ठेवून, माझ्यासाठी. आणि मी ऐकलं नव्हतं. ऐकलं नाही हे त्यांना आवडलं होतं की लागलं होतं, हे आता विचारणार कोणाला?

काकूंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली, वर खोबरं, कोथिंबीर. मी खाली मान घालून खात राहिले. डोळ्यांत पाणी का आलं, हे काकूंनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला नक्की सांगता आलं नसतं.